दोन्ही खटके ओढल्याशिवाय

मंगळवार, ४ तारीख

घुम्याचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय म्हणे. मोडू दे! माझ्या उजव्या हाताची बोटंही सुजून टम्म झालीत, पेन धरवत नाही, तरी लिहितोय. रोज संध्याकाळी कामाची वही भरायची सवय — आज कुठली मशीन, कुठली तार, काय बदललं. आता बदलायला काही नाही. सस्पेंड! चौकशी चोवीस तारखेला, तोवर घरी बसा. कोरी वही डब्याच्या पिशवीतून तशीच घरी आली. मग हीच भरतो.

मारलं मी. नाकारत नाही. शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत. पहिल्या ठोशाला तो पॅनेलच्या दारावर आपटला, दुसऱ्याला गुडघ्यावर आला. तिसरा मारायला नको होता असं आता सगळे शहाणे सांगतात. आणि प्रेसवाल्या बाईंची चार बोटं गेली त्याचं काय?

बारा वर्षं जोडीदार माझा. तारा त्याने ओढायच्या, मी जोडायच्या. बोलतो इतकं कमी की सगळे घुम्याच म्हणतात. मी मारत होतो तेव्हाही तोंडातून शब्द नाही. हातसुद्धा वर केला नाही. त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. ज्याची चूक नसते तो ओरडतो!

बुधवार, ५

सुपरवायझरचा फोन. "डोक्यात ताजं आहे तोवर सगळं लिहून ठेव. चौकशीत शब्द फिरायला नको." माझा शब्द कशाला फिरेल? लिहितो.

पत्रा दाबायच्या मोठ्या प्रेसला दोन बटणं आहेत. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हात-दीड हात अंतर. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे माणसाचे दोन्ही हात बटणांवर अडकलेले, साच्याखाली जायला हातच शिल्लक नाही. साधी सरळ गोष्ट. सोमवारी तिच्या जुन्या तारा काढून नव्या घातल्या, जुन्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. लाल तारेत कायम करंट. हिरवी तार दुसऱ्या बटणाकडून येते. घुम्याने तारा पाइपातून ओढल्या, टोकं माझ्यासमोर काढली आणि स्वारी निघाली! दुसऱ्या शेडमधून बोलावणं आलं होतं म्हणे. जाताना मला हाताने 'थांब' केलं. मी का थांबू? प्रेस बंद म्हणून सुपरवायझर डोक्यावर बसलेला!

तारांवर घालायच्या नंबराच्या रिंगा संपलेल्या. स्टोअरवाले 'उद्या घाला' म्हणाले. त्यात घुम्याच्या त्या गाठी — तारा ओढल्या की त्यातल्या काहींच्या टोकाला गाठ मारून ठेवायची, ही त्याची जुनी खोड. टोक खराब होतं, किती वेळा शिव्या घातल्या. एरवी तो एकेक तार हातात देतो म्हणून चालून जातं. त्या दिवशी मी पक्कड घेतली, सगळ्या गाठी कचाकच छाटल्या, टोकं सोलली, जोडली. दोन्ही बटणं दाबून पाहिली. आला साचा खाली. सही केली आणि चहाला गेलो.

सव्वा अकराला बाई उजवा हात बटणावर टेकवून डाव्या हाताने आतला पत्रा सरळ करत होत्या. सगळेच करतात. एका बटणाने काही होत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. साचा आला.

आवाज फार झाला नाही. पत्र्याचा होतो तेवढाच. किंकाळी नंतर आली. नवा पत्रा, तेल लावलेला — रक्त त्यावरून घसरत होतं, तेल कुठलं नि रक्त कुठलं तेही कळेना. मी धावत आलो तर घुम्या पॅनेलमध्ये हात घालून उभा! दार सताड उघडं, हातात पेचकस. सुपरवायझरने पाहिलं तर लाल नि हिरवी अदलाबदल झालेली निघाली. मी नीट जोडून गेलो होतो. माझ्या पाठीमागे कुणी हात घातला ते शेंबडं पोरही सांगेल.

गुरुवार, ६

बाईंचा नवरा घरी आला. हातात लोखंडी सळई. मी दार उघडायच्या आत खिडकी फोडली. काचा थेट ठिणगीच्या टेबलावर. (ठिणगी म्हणजे माझी लेक. सोळा वर्षांची. नाव वेगळं आहे, पण रागात माझ्या वळणावर गेली.) तो बाहेरून ओरडत होता, "दोघांपैकी कोण? मला फक्त नाव सांगा!"

मी बाहेर जाऊन त्याची सळई धरली. दोघं सळईला लोंबकळून एकमेकांना ढकलत होतो, शेजारी गच्चीतून बघत होते. मी म्हणालो, "माझा जोडीदार. तोच." एकदम ढिला पडला तो. पायरीवर बसला आणि रडायला लागला. सळई माझ्याच हातात राहिली.

ही म्हणाली, "नाव घ्यायची एवढी घाई कशाला केलीत?" मी हिच्याकडे वळलो तशी ती मागे सरकली. एकदाच मारलंय मी हिला, नऊ वर्षांपूर्वी. अजून सरकते.

शुक्रवार, ७

घुम्याने पोलिसांत तक्रार दिली नाही म्हणे. का नाही दिली? खाई त्याला खवखवे!

शनिवार, ८

खिडकीला पुठ्ठा लावला. दिवसभर घरात बसून मला वेड लागायची पाळी. ठिणगी कॉम्प्युटरवर तो ठोकळ्यांचा खेळ खेळत होती. मागे उभा राहिलो. एरवी मी उभा राहिलो की ती बंद करते. आज केला नाही.

दगडी खोली बांधलीय. बाहेरच्या अंधारातून पाण्याच्या चरातून राक्षस वाहत आत येतात. दोन खटके ओढले की छतातून दट्टे धाडकन खाली — राक्षसांचा चुरा! हाडं, कातडी, लोखंड काय काय पडतं त्यांतून, ते गोळा करायचं. मी म्हटलं, दोन खटके कशाला? एक पुरे की. म्हणाली, "आत कुणीतरी गोळा करायला गेलेलं असतं ना. एकट्याचा धक्का लागला तर? दोन्ही ओढल्याशिवाय नाही."

"हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. जेवताना सांगितलं होतंत, प्रेसचं."

माझं कुणी ऐकतं घरात हेच ठाऊक नव्हतं.

रविवार, ९

खोलीच्या मागची बाजू दाखवली तिने. बापरे! तारा नाहीत, नुसतं भेंडोळं. खेळात तार म्हणजे जमिनीवर टाकायची एक पूड, सगळी एकाच रंगाची. ही तिच्यावरून, ती तिसरीखालून, मध्येच भिंतीत घुसते, कुठे निघते देवाला ठाऊक. चौघी मैत्रिणी मिळून बांधतात. एकीने केलेलं दुसरीला कळत नाही. कुठे करंट मेला की दोन-दोन तास शोधतात, मग एकमेकींवर खेकसतात.

मी म्हटलं, "माझ्या हाताखाली असतीस तर कानाखाली जाळ काढला असता." ती हसली! म्हणाली, "मग करून दाखवा ना सरळ."

मंगळवार, ११

दोन दिवस तेच. ठिणगी शाळेतून आली की खुर्चीला खुर्ची. पहिला नियम माझा: खटके डावीकडे, दट्टे उजवीकडे. करंट पुस्तकातल्या ओळीसारखा वाचता आला पाहिजे. दुसरा: तारेवरून तार न्यायची तर उघड पूल बांध, भोकात शिरू नकोस. जिथे दोन तारा मिळून निर्णय होतो — दोन्ही असतील तरच पुढे, किंवा एक असली तरी पुढे — तिथे चार ठोकळे मोकळी जागा सोड आणि पाटी लाव. आणि प्रत्येक टप्प्याला एक दिवा. बिघाड झाला की चालत जायचं, जिथला दिवा विझलेला तिथे आजार.

तिने विचारलं, "आणि तारा सगळ्या सारख्याच दिसतात त्याचं काय?"

मी म्हटलं, "रंग दे! तारेखालची जमीन रंगव. आमच्याकडे रंगाशिवाय पान हलत नाही." तिने तारांखाली रंगीत लोकरीचे ठोकळे घातले. कायम करंटची तार लालवर. दुसऱ्या खटक्याची हिरवीवर. बाकीच्या निळ्या, पिवळ्या. शेजारी पाट्या.

तिची एक मैत्रीण, चष्मेवाली, स्पीकरवरून म्हणाली, "काका, आता आजीला पण कळेल!" बावीस वर्षांत कुणी माझ्या वायरिंगला असं म्हटलं नव्हतं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

बुधवार, १२

बाजारात सुपरवायझर भेटला. माझ्या लेखी जबाबावर सगळं अडलंय म्हणाला. मी 'घुम्याने हात घातला' असं लिहून दिलं की घुम्या कामावरून कायमचा जातो आणि त्याच्यावर केसही होते. मी महिनाभर पगाराविना, मग परत कामावर. "तू रागात मारलंस, ते माणूस समजू शकतो."

लिहून देतो म्हटलं. घुम्याला दोन लहान मुलं आहेत. असू देत. बाईंनाही आहेत.

शुक्रवार, १४

ठिणगी शाळेत. मी एकटाच खेळात शिरलो. यंत्र भिंतीला फार चिकटून होतं, सगळं चार ठोकळे पुढे घेतलं. तिला चकित करायचं! पाट्या आड येत होत्या, उपटून बाजूला ठेवल्या. रंग आहेत की! सगळ्या तारा परत टाकल्या. दोन्ही खटके ओढून पाहिले. दट्टे आले खाली. झकास!

शनिवार, १५

मूठ पुन्हा सुजलीय. मोडलेल्या अक्षरात लिहितो.

ठिणगी आत गोळा करायला गेली होती. चष्मेवाली बाहेर, खटक्यांपाशी. मी मागे उभा, शाबासकीची वाट बघत. आणि धाड! दट्टे ठिणगीवर. तिचा खेळातला माणूस चिरडला, आठवडाभराचं जमवलेलं सगळं उधळलं. स्पीकरवरून चष्मेवाली रडकुंडीला येऊन ओरडत होती, "मी एकच ओढला! आईशप्पथ एकच! एकाने कसं आलं?"

एकाने कसं आलं. शेडमध्ये बाईंना उचलून नेत होते तेव्हा त्या हेच म्हणत होत्या. पुन्हा पुन्हा. एकाच बटणाने कशी आली हो, एकाच बटणाने कशी आली?

मी चष्मेवालीवर तुटून पडलो. "तूच हात घातला असशील मागे! माझं काम चोख होतं!" ठिणगी वळली. "बाबा, काल खेळात कुणीच नव्हतं. फक्त तुम्ही होतात."

कीबोर्ड उचलला आणि टेबलाच्या कडेवर हाणला. एकदा, दोनदा. बटणं उडाली चहूकडे. ठिणगीने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खुर्चीत मुटकुळं केलं. मी तिला मारणार नव्हतो! कधी मारलं नाही तिला. पण तिचे हात आपसूक गेले. ही दारात उभी होती. तिनेही तेच पाहिलं जे मी पाहिलं.

घराबाहेर जाऊन भिंतीवर मूठ मारली. सुजलेलीच मूठ. बरं वाटलं नाही.

रविवार, १६

शेजाऱ्याकडून जुना कीबोर्ड आणून दिला. माफी मागायला शब्द जुळत नव्हते. ठिणगीच म्हणाली, "बसा. मला एक बघायचंय." आवाज सपाट. घाबरलेली नव्हती, रागावलेलीही नाही. डॉक्टर बोलतात तसा.

तारा जिथे मिळतात तिथे नेलं. "यातली हिरवीवरची तार कुठली?"

मी बोट ठेवलं.

"आणि लाल?"

मी दुसरीवर ठेवलं. तिने दोन्ही तारा शेवटपर्यंत तपासल्या. मग म्हणाली, "उलटं आहे, बाबा. तुम्ही परत टाकताना उलटं टाकलंत."

"दोन्ही तर सारखेच मातकट आहेत! तूच घाणेरडे रंग निवडलेस!"

मोकळ्या मैदानात तिने वीस ठोकळे ओळीने मांडले. लाल नि हिरवे, उलटसुलट. सांगा म्हणाली. सांगितले. अकरा बरोबर आले. "नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते," म्हणाली, आणि मग रडली. मी का नाही रडलो कोण जाणे. मला तिचा कॉम्प्युटर खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटत होता. पुठ्ठा फोडून.

सोमवार, १७

पाच तारखेचं पान काढून वाचलं. 'दोन्ही बटणं दाबून पाहिली.' दोन्ही. एक-एक दाबून पाहिलं नाही. लाल तार दुसऱ्या बटणाच्या जागी गेली की प्रेसला वाटतं ते बटण कुणी सतत दाबूनच धरलंय. मग पहिलं दाबलं की पुरे. आणि दोन्ही दाबून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. हे मीच नव्या पोरांना शिकवतो!

मंगळवार, १८

तिसरीत असताना झाडाची पानं तपकिरी आणि बुंधा हिरवा रंगवला होता. चित्रकलेच्या मास्तरांनी लाकडी पट्टी मोडेपर्यंत मारलं, वर्गासमोर. घरी चित्र पाहून बापाने कमरेचा पट्टा काढला. "मुद्दाम करतोस? मास्तरांची टिंगल करतोस?" पाठीवर बक्कल लागलं तिथे अजून खूण आहे. त्यानंतर मी रंगपेटीला हात लावला नाही. खडूवरचं नाव वाचायचं, नाहीतर शेजारच्याला विचारायचं, तेही अशा बेताने की त्याला कळू नये. कारखान्यात नंबराच्या रिंगा. नाहीतर घुम्याला, "दे रे हिरवी." तो द्यायचा.

मला माहीत नव्हतं असं चौकशीत म्हणता येईल. या पानावर म्हणता येत नाही. कुठेतरी माहीत होतं. त्याच्यावर बसून राहिलो होतो आणि कुणी जवळ आलं की मूठ उगारत होतो. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मी अंगणालाच बदडत सुटलो.

घुम्या पॅनेलमध्ये का होता? दुसऱ्या शेडमधून परत येऊन तपासत होता. दुसरं काय! पेचकस हातात होता, दोन मिनिटं आधी पोचला असता तर बाईंची बोटं राहिली असती. आणि मी त्याचा जबडा फोडला.

कुणाला माहीत आहे हे? मला आणि ठिणगीला. ती बोलणार नाही. मी जबाब दिला की सुटलो. न दिला तर बावीस वर्षांचं काम गेलं, केस माझ्यावर, आणि पुन्हा कुठला कारखाना मला तारेला हात लावू देईल?

बुधवार, १९

जबाब लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला. हिने विचारलं काय लिहिताय. वस्सकन अंगावर गेलो. या वेळी ती मागे सरकली नाही. "मारायचं तर मारा, पण खरं लिहा," म्हणाली. ठिणगीने हिला सांगितलंय सगळं. म्हणजे आता तिघं.

गुरुवार, २०

ठिणगीने यंत्र पुन्हा बांधलं. मला हाताला धरून बसवलं. "रंग गेले उडत. आता बघा."

प्रत्येक हिरव्या तारेच्या कडेला, दर चार ठोकळ्यांवर, एक उंचवटा घातलाय. लालच्या कडेला काही नाही. बाकी सगळं तसंच. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तार धरून गेलो — पुलावरून, वळणावरून, दिव्यांजवळून. एका मिनिटात! एकदाही अडखळलो नाही. चष्मेवाली म्हणाली, "काका, हे आम्हाला पण जास्त सोपं जातंय. आता असंच ठेवू."

एवढीशी गोष्ट. एक उंचवटा. बारा वर्षांत एकाने तरी मला असं काही करून दिलं असतं तर!

रविवार, २३

उद्या. दोन्ही जबाब खिशात आहेत, डावीकडे एक, उजवीकडे एक.

सोमवार, २४

सांगितलं.

लांब टेबल, साहेब, सुपरवायझर, कामगारांचे दोघं. बाईही आल्या होत्या, डाव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. घुम्याची खुर्ची रिकामी, अजून दवाखान्यात. सुपरवायझर माझ्या तोंडाकडे बघत होता, जणू पाठ केलेलं ऐकायला बसलाय. मी म्हणालो, "तारा मी उलट्या जोडल्या. मला लाल-हिरवा कळत नाही. एका बटणाने तपासलं नाही. जोडीदाराने काही केलेलं नाही." माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. साहेबांनी कागदावर काहीतरी खोडलं. सुपरवायझर पुटपुटला, "गाढवा, कशाला?"

बाईंनी एवढंच विचारलं, "मग त्या माणसाला का मारलंत?"

मी खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर पडलो.

फाटकाबाहेर त्यांचा नवरा उभा होता. कुणीतरी आधीच सांगितलं असणार. या वेळी सळई नव्हती. पहिल्या ठोशाला ओठ फाटला, दुसऱ्याला समोरचा दात गेला. खाली पडल्यावर बरगडीत लाथा घातल्या. मोजल्या नाहीत. माझे हात अंगाशीच राहिले. जन्मात पहिल्यांदा मार खाताना हात वर गेले नाहीत, आणि तेव्हा कळलं की हात खाली ठेवायला किती जोर लागतो. घुम्याने तो जोर लावला होता. तीन ठोसे.

वॉचमनने उठवलं. शर्टावर रक्त होतं. मला ते तेलासारखंच दिसलं.

कामावरून गेलो. पोलीस उद्या दुपारी बोलावतील. घुम्या निर्दोष, पगारासकट परत. ठिणगीने ओठाला बर्फ लावला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवायला बसा."

मंगळवार, २५

सकाळी दवाखान्यात गेलो. घुम्याचा जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हाताने 'थांब' केलं. तोच हात, तसाच. या वेळी थांबलो. त्याने उशाखालून कागद घेतला, सावकाश लिहिलं आणि माझ्यापुढे धरला: "गाठ फक्त हिरव्या तारेला मारायचो. पहिल्या वर्षापासून. का कापलीस?"